डार्टमूरचे बांध : साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेते कुठे आणि कशी पाहाल



इंग्लंडमधल्या सहली म्हटल्या की आपली यादी ठरलेली असते. स्टोनहेंज, बाथ, लेक डिस्ट्रिक्ट, फार तर कॉर्नवॉलचा समुद्रकिनारा. कॉर्नवॉलला जाताना डावीकडे-उजवीकडे डेव्हन परगणा लागतो आणि तिथला डार्टमूर नावाचा डोंगराळ माळ बहुतेक जण गाडीच्या काचेतून पाहून पुढे जातात. याच माळावर युरोपातल्या सर्वात चांगल्या टिकलेल्या प्रागैतिहासिक शेतांपैकी काही शेते आहेत. शेते म्हणजे पिके नव्हेत, तर शेतांचे बांध. साडेतीन हजार वर्षे ते जागच्या जागी आहेत. तिकीट नाही, रांग नाही, आणि पाटीही बहुधा नाही. त्यामुळे आधी माहिती नसेल तर माणूस त्यांच्यावरून चालत जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

आम्ही सगळे इंजिनिअर, पुरातत्त्व आमचा विषय नव्हे. पण गेल्या काही वर्षांत मुलांना घेऊन तिथे जाणे होते आणि दर वेळी मंडळातले कुणी ना कुणी "नक्की काय बघायचे?" म्हणून विचारते. तेव्हा एकदाच सगळे नीट लिहून काढावे असे ठरले.

डार्टमूर म्हणजे काय?

डार्टमूर हा ग्रॅनाइट दगडाचा उंच माळ आहे. क्षेत्रफळ सुमारे ९५४ चौरस किलोमीटर, सर्वात उंच जागा हाय विलहेज, ६२१ मीटर. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानाने टेकडीच. पण वारा, धुके आणि पाऊस असा की उंचीचा हिशोब विसरायला होतो. १९५१ साली याला नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला. माथ्यावर जागोजागी ग्रॅनाइटचे उघडे खडक एकावर एक रचल्यासारखे उभे आहेत, त्यांना 'टॉर' म्हणतात. मधल्या भागात पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी, पाणथळ माती. आज इथे झाडे कमी. गवत, नेचे, पिवळ्या फुलांची काटेरी झुडपे, मेंढ्या, गायी आणि मोकळी फिरणारी तट्टे.

आजचे हे ओसाड चित्र पाहून इथे कधीकाळी भरवस्ती होती यावर विश्वास बसत नाही. पण कांस्ययुगातल्या गोल घरांचे सुमारे ५००० अवशेष इथे मोजले गेले आहेत. आणि घरे होती म्हटल्यावर शिवारही आलेच.

रीव्ह : डार्टमूरचा गडगा

या शेतांच्या बांधांना तिथल्या बोलीत 'रीव्ह' म्हणतात. 'रांग' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाशी त्याचे नाते सांगितले जाते. कोकणातल्या मंडळींना हा प्रकार समजावून सांगायची गरज नाही. शेतातले दगड वेचून कडेला रचलेला गडगा डोळ्यांसमोर आणा. आता कल्पना करा की तो गडगा कोणी दुरुस्त केला नाही, तो ढासळला, त्यावर माती आणि गवत चढले आणि असे तीन हजार वर्षे चालले. जे उरेल ते रीव्ह. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत उंच, मीटर-दोन मीटर रुंद, गवताने झाकलेली आणि मधून मधून दगड डोकावणारी एक लांबच लांब वरंबी.

एकटी रीव्ह पाहून काहीच वाटत नाही. गंमत त्यांच्या मांडणीत आहे. रीव्हचे मुख्य प्रकार असे:

१. समांतर रीव्ह. एकाच दिशेने, एकमेकींना समांतर धावणारे बांध. दोन बांधांमधले अंतर कुठे शंभर मीटर, कुठे कमी-जास्त. मध्ये आडवे बांध घालून लांबट चौकोनी शेते पाडलेली. पुरातत्त्वज्ञ अशा रचनेला समाक्ष शेतरचना म्हणतात, म्हणजे एकाच मुख्य अक्षाला धरून आखलेली.

२. शेवटची रीव्ह. समांतर बांध डोंगर चढत जातात आणि एका आडव्या बांधापाशी थांबतात. त्याच्या खाली शेते, वर मोकळे कुरण. आपल्याकडे गावाची शीव असते तसा हा प्रकार.

३. उताराच्या कडेची रीव्ह. डोंगराच्या एका ठरावीक उंचीने वळत जाणारी. 'ग्रेट वेस्टर्न रीव्ह' नावाची अशी एक रेषा डार्टमूरच्या पश्चिम बाजूला आहे, तिची लांबी १० किलोमीटरहून जास्त भरते.

४. पाणलोटाची रीव्ह. दोन नद्यांच्या खोऱ्यांमधल्या उंचवट्यावरून जाणारी. या खोऱ्यातल्यांची चराई इथपर्यंत, त्या खोऱ्यातल्यांची तिथपासून, असा तिचा अर्थ लावतात.

हे सगळे एकत्र ठेवले की चित्र स्पष्ट होते. नदीकाठच्या उतारावर बांधबंदिस्ती केलेली शेते, त्यांच्यावर त्या त्या खोऱ्याचे कुरण आणि सर्वात वर, माथ्यावर, सगळ्यांच्या सामाईक चराईचा माळ. या पद्धतीने बांध घातलेली जमीन सगळी मिळून १०,००० हेक्टरच्या वर जाते. यंत्रे नाहीत, नकाशे नाहीत, लिपी नाही आणि तरी एवढे मोठे काम.

शोध कसा लागला

रीव्ह कुणाला ठाऊकच नव्हत्या असे नाही. एकोणिसाव्या शतकातल्या हौशी अभ्यासकांनी त्यांच्याबद्दल लिहिले होते. पण बऱ्याच जणांना ते जुने रस्ते वाटले, कुणाला मध्ययुगीन हद्दी वाटल्या. पुढे विसाव्या शतकात तर विद्वानांनी त्यांच्याकडे जवळजवळ पाठच फिरवली. लक्ष होते ते घरांकडे, थडग्यांकडे आणि उभ्या दगडांच्या रांगांकडे. बांधांमध्ये सापडणार काय? ना भांडी, ना दागिने.

१९६८ साली एलिझाबेथ गॉन आणि सॉमर्स कॉक्स या दोन स्थानिक अभ्यासकांनी समांतर रीव्हवर लेख लिहून हे बांध प्रागैतिहासिक असल्याचा मुद्दा मांडला. १९७० च्या दशकात अँड्र्यू फ्लेमिंग या पुरातत्त्वज्ञाने हे काम हाती घेतले. त्यांनी वर्षानुवर्षे माळ पायी तुडवून रीव्ह नकाशावर उतरवल्या आणि होल्न मूर या भागात उत्खनन केले. त्यांचे 'द डार्टमूर रीव्ह्ज' हे पुस्तक १९८८ मध्ये आले, सुधारित आवृत्ती २००८ मध्ये. या विषयावर एकच पुस्तक वाचायचे असेल तर हेच वाचावे. विद्वत्ता भरपूर, पण भाषा सोपी.

दुसरे मोठे काम शॉ मूर येथे १९७६ ते १९८० या काळात झाले. तिथल्या चिनी मातीच्या खाणीचा पसारा वाढणार होता, त्याआधी जमिनीखाली काय आहे ते पाहून घ्यावे म्हणून. तिथे एका रीव्हच्या खालच्या चरात चक्क जनावरांच्या खुरांचे ठसे मिळाले. गायी, मेंढ्या आणि घोडे. साडेतीन हजार वर्षांपूर्वी ओल्या चिखलात उमटलेले ठसे. आमच्या मुलांना अख्ख्या विषयात सर्वात जास्त आवडलेली गोष्ट हीच!

काळ कोणता?

बहुतेक रीव्ह इ.स.पू. १६०० ते १५०० च्या आसपास घातल्या गेल्या असे कार्बन पद्धतीने केलेल्या कालमापनावरून दिसते. ब्रिटनमधले हे कांस्ययुग. कांसे म्हणजे तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू, आणि कथील या भागात मिळते. त्या आधीच्या पिढ्यांची एक झलक व्हाइटहॉर्स हिल नावाच्या टेकडीवर मिळाली. तिथे २०११ मध्ये पीटमध्ये दबलेली एक दगडी पेटी उघडली. आत जाळलेल्या अस्थी, अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेल्या वस्तू, दोनशेच्या वर मणी आणि कथलाची बटणे बसवलेला विणलेला पट्टा होता. मण्यांपैकी काही अंबरचे. अंबर डेव्हनमध्ये मिळत नाही, म्हणजे दूरदूरशी देवाणघेवाण होती. या वस्तू आता प्लिमथच्या 'द बॉक्स' संग्रहालयाकडे आहेत.

आता आपल्यासाठी महत्त्वाचा मुद्दा. याच काळात महाराष्ट्रात काय चालले होते? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. तिथली ताम्रपाषाणयुगीन वस्ती साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० मधली. म्हणजे डार्टमूरवर गडगे रचले जात होते तेव्हा घोड नदीकाठी आपले लोक सातू पिकवत होते आणि पुढे पाण्यासाठी त्यांनी बंधारा आणि कालवाही काढला. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध होता असे मुळीच नाही. पण मुलांना "साडेतीन हजार वर्षे" हा आकडा पोकळ वाटतो. इनामगाव शेजारी ठेवले की त्याला वजन येते. एक फरकही सांगण्यासारखा. डार्टमूरची घरे आधीपासून गोल. इनामगावात सुरुवातीला चौकोनी मोठी घरे होती आणि इ.स.पू. १००० नंतर, हलाखीच्या काळात, लहान गोल झोपड्या आल्या.

आखणी कुणाची? जमीन कुणाची?

हा या विषयातला सर्वात रंगणारा वाद आहे.

डार्टमीट नावाच्या ठिकाणी डार्ट नदीच्या दोन शाखा मिळतात. तिथली समांतर रीव्हची रचना नदीच्या खोल घळीपाशी येते आणि पलीकडच्या उतारावर त्याच दिशेने पुन्हा सुरू होते. उतार, ओढा, खडक कशाचीही पर्वा न करता रेषा सरळ. फ्लेमिंग यांचे म्हणणे असे की हे सुट्या सुट्या शेतकऱ्यांचे काम असू शकत नाही. मोठ्या समूहाने एकत्र बसून ठरवले असणार आणि जमीनही बऱ्याच अंशी सामाईक असणार. बांध तुमच्या-माझ्या मालकीसाठी नव्हे, तर सगळ्यांच्या कामाच्या सोयीसाठी.

रॉबर्ट जॉन्स्टन या अभ्यासकाने २००५ मध्ये वेगळी बाजू मांडली. त्यांच्या मते एवढा मोठा आराखडा आधी कुणी आखलाच नसेल. होल्न मूरच्या उत्खननात काही रीव्हखाली आधीच्या लाकडी कुंपणाच्या खुणा मिळाल्या होत्या. म्हणजे जुन्या वहिवाटीच्या रेषा आधीपासून होत्या. एकाने बांध घातला, शेजाऱ्याने त्याला धरून दुसरा घातला, पुढच्या पिढीने तीच दिशा पुढे नेली आणि पिढ्यान्‌पिढ्या असे होत एक मोठी रचना उभी राहिली. दुरून ती आखीव दिसते, पण आखणारा एक नाही.

आमच्या धंद्यात हे दोन्ही प्रकार रोज पाहायला मिळतात. काही सिस्टिम आधी कागदावर पूर्ण डिझाइन होतात, काही वर्षानुवर्षे एकेक तुकडा जोडत वाढतात. आणि दहा वर्षांनी नवा माणूस कोड वाचतो तेव्हा त्याला वाटते, "काय विचार करून केले असेल!" त्यामुळे आमचा कल थोडा जॉन्स्टन यांच्याकडे. पण डार्टमीटची ती घळ ओलांडणारी रेषा प्रत्यक्ष पाहिली की फ्लेमिंग यांचेही पटते. तुम्ही स्वतः पाहून ठरवा.

एक मात्र खरे. गावाकडे ज्यांची थोडीफार शेती आहे त्यांना बांधाचे मोल वेगळे सांगायला नको. बांध कोरला म्हणून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, सातबारा हातात घेऊन पिढ्या तालुक्याला खेटे घालतात. डार्टमूरवर सातबारा नव्हता. तिथे बांध हाच दस्तऐवज होता. आणि तो लिहिणाऱ्यांचे नाव, भाषा, देव, काहीही उरले नाही. फक्त हद्द उरली.

सोडून का गेले?

इ.स.पू. १००० च्या आगेमागे उंच भागातली वस्ती विरळ होत गेली. हवामान थंड आणि ओले झाले हे एक कारण दिले जाते. जंगल काढल्यावर आणि चराई वाढल्यावर ग्रॅनाइटवरची पातळ माती आम्ल बनली, पाणी झिरपेनासे झाले, पीट पसरले, हे दुसरे. बहुधा दोन्ही मिळूनच. परागकणांच्या अभ्यासावरून असे दिसते की इथे धान्यापेक्षा गवत आणि जनावरेच जास्त होती. त्यामुळे 'शेते' म्हणताना गव्हाची शेते डोळ्यांपुढे आणू नका, बंदिस्त कुरणे जास्त आणि लागवडीचे तुकडे कमी.

मध्ययुगात काही लोक परत वर आले. हाउंड टॉरजवळच्या खेड्याचे अवशेष त्या काळाचे. तेही पुढे उठले. आणि लोक गेले म्हणूनच बांध वाचले. खालच्या सुपीक भागात नांगराने सगळे पुसून टाकले. वर नांगर फारसा पोचलाच नाही. माळाच्या कडेच्या भागात तर काही ठिकाणी आजच्या शेतांची कुंपणे जुन्या रीव्हच्या रेषेवरच उभी आहेत.

आज काय धोका आहे?

इतकी वर्षे टिकले ते आता का जाईल, असे वाटणे साहजिक आहे. पण रीव्ह दिसतात त्या जनावरे गवत खातात म्हणून. चराई फार झाली तर माती उघडी पडते आणि धूप होते. फार कमी झाली तर नेचे, काटेरी झुडपे आणि उंच गवत माजते. नेच्यांची जाड मुळे जमिनीखालचे थरही विस्कटतात. डार्टमूरच्या सामाईक जमिनीवर किती जनावरे असावीत यावर निसर्गरक्षक आणि तिथले पशुपालक यांच्यात बराच वाद झाला, आणि डेव्हिड फर्सडन यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने डिसेंबर २०२३ मध्ये त्यावर अहवाल दिला. म्हणजे माळावर कुणाची किती गुरे चरावीत, हा कांस्ययुगातला प्रश्न अजून मिटलेला नाही!

कुठे काय पाहाल

- कोम्बस्टोन टॉर : लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर हेच निवडा. कार पार्कला लागूनच टॉर आहे. तिथून दरीपलीकडच्या उतारावर समांतर रेषा दिसतात. जवळच व्हेनफर्ड तलाव आणि होल्न मूर, जिथे फ्लेमिंग यांनी काम केले.
- फोल्स ॲरिशेस : वाइडकोंब गावाच्या पूर्वेला, हेम्सवर्दी गेटजवळ. गोल घरे आणि त्यांच्याभोवतीची शेते एकत्र पाहता येतात.
- होरिज कॉमन : समांतर रीव्ह स्पष्ट. समोरच्या चढावरून पाहिले तर जास्त चांगल्या.
- केस्टर : चॅगफर्ड गावाजवळ. घरे, शेते आणि वर चढायला टॉर.
- ग्रिम्सपाउंड : ही शेते नव्हेत, दगडी कोटाच्या आत २४ गोल घरांचे अवशेष असलेली वस्ती आहे. १८९४ मध्ये इथे उत्खनन झाले. या शेतकऱ्यांची घरे कशी होती ते इथे कळते. बी ३२१२ रस्त्यावरून फाटा आहे.
- मेरिव्हेल : प्रिन्सटाउन ते टॅव्हिस्टॉक रस्त्यालगत. घरे आणि उभ्या दगडांच्या दुहेरी रांगा.

रीव्ह कशी ओळखाल

- उभी, नीट रचलेली दगडी भिंत दिसली तर ती रीव्ह नव्हे. ती गेल्या काही शतकांतली.
- बाजूने पाण्याचा चर असेल तर तो बहुधा जुन्या खाणींसाठी काढलेला पाट.
- बुटकी, गवताळ, सरळ जाणारी वरंबी, जी उताराची पर्वा करत नाही आणि जिला समांतर दुसरी दिसते, ती रीव्ह असण्याची शक्यता जास्त.
- पायाखाली शोधू नका, समोरच्या डोंगरावर पाहा. आणि ऊन तिरपे हवे. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी सावल्या पडतात तेव्हा जी रेषा उमटते ती दुपारी गायब असते.
- नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम. उन्हाळ्यात नेचे कमरेइतके वाढतात आणि सगळे झाकले जाते.

जाण्यापूर्वी

लंडनहून गाडीने चार तास तरी धरा, बँक हॉलिडेला त्याहून जास्त. रेल्वेने पॅडिंग्टनहून एक्सेटर किंवा न्यूटन ॲबटपर्यंत जाता येते, पुढे गाडी हवीच. एक्सेटरहून ओकहॅम्प्टनला जाणारी रेल्वेही नोव्हेंबर २०२१ पासून पुन्हा नियमित सुरू झाली आहे. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल २८ घ्या. फोनला रेंज मिळेलच असे नाही. पोस्टब्रिजच्या व्हिजिटर सेंटरमध्ये कांस्ययुगाची चांगली माहिती मिळते.

उत्तर भागात लष्कराच्या गोळीबाराच्या रेंज आहेत. लाल बावटा असेल तर आत जाऊ नये. वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. १ मार्च ते ३१ जुलै कुत्रे साखळीला बांधलेले हवे. तट्टांना खाऊ घालू नका, मग तो आजीच्या हातचा लाडू का असेना. परत आल्यावर मुलांच्या पायांवर गोचीड नाही ना ते तपासा. १९८५ च्या कायद्याने डार्टमूरच्या सामाईक जमिनीवर पायी फिरण्याचा हक्क सर्वांना आहे आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तिथे तंबू टाकून राहण्याचा हक्कही त्यातच येतो असा निकाल दिला. पण काही भाग वगळलेले आहेत, तेव्हा नॅशनल पार्कचा नकाशा पाहूनच तंबू ठोका. चुलीसाठी बांधाचा एकही दगड हलवू नका. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणे हा गुन्हा आहे.

थर्मास, दशम्या आणि जास्तीचे मोजे बरोबर घ्या. डार्टमूरवर ऊन पाहून निघालेला माणूस तासाभरात ओलाचिंब होतो, याची खात्री बाळगा. आणि मुलांना एक काम जरूर द्या. कोम्बस्टोन टॉरवर उभे करून विचारा, "समोर किती बांध दिसतात ते मोजा." पहिल्यांदा दोन सांगतील. दहा मिनिटे थांबा, आकडा वाढत जातो.